व्हीएम लिनक्सबाहेर नेताना नेटिव्ह थ्रेडचं काम कसं करावं

आमची व्हीएम छोटी आहे. कारखान्यातल्या यंत्रांवर बसवलेल्या सेन्सरची वाचनं ती घेते आणि देखभाल विभागाने लिहिलेले नियम त्यांवर चालवते. बाइटकोड, तो चालवणारा इंटरप्रिटर, साधा जीसी (नको झालेली मेमरी परत घेणारा गार्बेज कलेक्टर) आणि प्रत्येक यंत्रामागे एक थ्रेड, म्हणजे बाकीच्यांच्या बरोबरीने चालणारा कामाचा स्वतंत्र धागा, एवढाच संसार. बरीच वर्षं ती फक्त लिनक्सवर होती. मग चाकणच्या एका ग्राहकाला ती विंडोजच्या पॅनेल पीसीवर हवी झाली, दुसऱ्याला अल्पाइन या छोट्या, वेगळ्या घडणीच्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये, आणि तोवर आमच्याच टीममधल्या निम्म्या लोकांच्या हातात एम१ मॅकबुक आले होते. तिन्ही पोर्ट माझ्या वाट्याला आले. मेमरी, फाइल, सॉकेट ही कामं ठरल्या वेळात झाली, पण थ्रेडपाशी मात्र घोडं पेंड खायला लागलं.

इथे व्हीएम म्हणजे जेव्हीएमसारखं, पायथॉनच्या इंटरप्रिटरसारखं भाषा चालवणारं यंत्र. व्हर्च्युअलबॉक्सचा विषय वेगळा. नेटिव्ह थ्रेड म्हणजे ओएस स्वतः चालवते तो. आणि फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

पहिलं काम कोड लिहिण्याचं नाही. तुमच्या सगळ्या सोर्समध्ये 'पीथ्रेड' (पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणातली थ्रेड लायब्ररी) हा शब्द शोधा आणि किती ठिकाणी सापडतो ते मोजा. आमच्याकडे ६१ ठिकाणी होता, त्यातल्या काही जागा तर पार्सरमध्ये. तो तिथे कोणी आणि का घातला हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. प्रत्येक जागेसमोर एकच प्रश्न लिहा: इथे व्हीएमला नेमकं काय हवं आहे? 'म्यूटेक्स' (म्हणजे कुलूप) हे उत्तर चालणार नाही. 'दोन थ्रेडनी एकाच वेळी सिंबल टेबल बदलू नये' हे उत्तर चालेल. असं केल्यावर ६१ जागांचं आमचं मागणीपत्रक ११ ओळींवर आलं: थ्रेड सुरू करणं, संपेपर्यंत थांबणं, ठरावीक स्टॅक मिळणं, स्वतःच्या स्टॅकची दोन्ही टोकं कळणं, कुलूप, वेळेची मर्यादा घालून वाट पाहणं, दुसऱ्याला उठवणं, थ्रेडची स्वतःची खासगी जागा, थ्रेडला नाव देणं, सगळ्यांना एकदम थांबवणं, आणि शेवटी सगळं शांतपणे बंद करणं.

या ११ गोष्टींची ११ फंक्शनं एका हेडरमध्ये ठेवा आणि प्रत्येक ओएससाठी त्यामागे वेगळी फाइल करा. सीपायथॉन हेच करतो, पॉसिक्ससाठी एक फाइल आणि विंडोज एनटीसाठी दुसरी. ओपनजेडीकेच्या हॉटस्पॉटमध्येही लिनक्स, विंडोज, बीएसडी, एआयएक्स अशी ओएसवार फोल्डरं आहेत. विंडोजवर पीथ्रेडची नक्कल करणारी लायब्ररी लावून वेळ मारून न्यायचा मोह होतो. मी तो केला नाही आणि तुम्हीही करू नका, कारण तुमच्या व्हीएमला हव्या असलेल्या निम्म्या गोष्टी, स्टॅकची टोकं किंवा सगळ्यांना थांबवणं, मुळात पॉसिक्समध्येच नाहीत. सी भाषेच्या सी११ या प्रमाणातल्या थ्रेडवर विसंबायचं म्हटलं तरी तेच. लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, ग्लिबसीमध्ये, ते २.२८ पासून, म्हणजे २०१८ पासून आहेत, पण मॅकवर ते हेडरच नाही.

'मग थ्रेड आपणच व्हीएमच्या आत का फिरवू नयेत, ओएसची कटकटच नको,' असं आमच्याकडच्या एका नव्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. सुरुवातीच्या जावात सोलारिसवर असेच 'ग्रीन थ्रेड' होते, रुबी १.८ मध्येही थ्रेड इंटरप्रिटरच्या आतलेच होते. त्यांचं दुखणं असं की बाहेरच्या एखाद्या लायब्ररीचं कॉल अडकलं की सगळी व्हीएम अडकते आणि दुसरा कोअर रिकामाच बसतो. रुबीने १.९ मध्ये नेटिव्ह थ्रेड घेतले. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आले खरे, पण तेही खाली नेटिव्ह थ्रेडच्याच खांद्यावर चालतात. म्हणजे हा थर लिहिण्यापासून सुटका नाही.

आता स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांची स्थानिक व्हेरिएबलं राहतात ती थ्रेडची जागा. थ्रेड सुरू करताना स्टॅकचा आकार सांगितला नाही तर प्रत्येक ओएस स्वतःच्या मनाचा आकार देते, आणि त्या आकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नेहमीच्या लिनक्सवर ग्लिबसी यूलिमिट या सिस्टिमच्या मर्यादेप्रमाणे देते, बहुतेक ठिकाणी ८ एमबी. मॅकवर मुख्य थ्रेडला ८ एमबी, बाकीच्यांना ५१२ केबी. विंडोजवर इएक्सईच्या हेडरमध्ये असेल तो, सहसा १ एमबी. आणि अल्पाइनमध्ये ग्लिबसी नसून मसल असते, तिथे १२८ केबी. मसलच्या १.१.२१ च्या आधी तर ८० केबीच होते.

अल्पाइनच्या ग्राहकाकडे आमची व्हीएम सुरू झाली, दोन दिवस नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी एकही ओळ न छापता मेली. कारण शोधायला गेले तर त्यांच्या अभियंत्याने एका नियमात अटींच्या आत अटी अशा वीसेक पातळ्या लिहिल्या होत्या. आमचा कंपाइलर रिकर्सिव्ह, आणि प्रत्येक पातळीला चार फंक्शनं खोल जाणारा. त्यातल्या एकात तर ४ केबीचा बफर सरळ स्टॅकवर. हिशेब कागदावर मांडला: २० गुणिले साधारण ६ केबी म्हणजे १२० केबी, आणि वर इंटरप्रिटरचं स्वतःचं ओझं. जीडीबी डीबगरमध्ये क्रॅशचा पत्ता पाहिला तर तो स्टॅकच्या खालच्या टोकाच्या लगेच खाली, गार्ड पेजमध्ये, म्हणजे स्टॅक ओलांडला हे पकडायला ठेवलेल्या बंद पानात. नेहमीच्या लिनक्सवर ८ एमबीत हे कधीच दिसलं नसतं.

म्हणून आकार नेहमी स्वतः सांगा. आम्ही सगळीकडे १ एमबी ठरवला आणि तो बफर हीपवर नेला. सांगताना तीन ठिकाणी जपा. मॅकवर आकार पेजच्या पटीत नसेल तर पीथ्रेड_अॅट्र_सेटस्टॅकसाइझ चूक परत करतं, आणि अॅपल सिलिकॉनवर पेज ४ केबीचं नसून १६ केबीचं आहे. तेव्हा पेजचा आकार ओएसला विचारा आणि वरच्या पटीत न्या. विंडोजवर क्रिएटथ्रेडला दिलेला आकडा मुळात 'कमिट'चा असतो, म्हणजे तेवढी मेमरी लगेच हिशेबात धरली जाते. फक्त जागा राखून ठेवायची असेल तर स्टॅक_साइझ_पॅरॅम_इज_अ_रिझर्व्हेशन हा फ्लॅग द्यावा लागतो. तिसरी गोष्ट साधी, पण बरेच जण विसरतात: या फंक्शनांची परतीची किंमत तपासा. आकार नाकारला गेला आणि तुम्ही पाहिलंच नाही, तर थ्रेड डीफॉल्ट आकारावर मुकाट सुरू होतो.

मुख्य थ्रेडवर बाइटकोड चालवूच नका. त्याचा स्टॅक तुमच्या हातात नसतो. जावाचा लाँचरही मुख्य प्रोग्रामसाठी नवा थ्रेड काढतो. शिवाय मॅकवर खिडक्या आणि बटणांची कामं पहिल्याच थ्रेडवरून करावी लागतात, म्हणून तो मोकळा असलेला बरा.

स्टॅकची टोकं कळणं हे जीसीसाठी लागतं. आमचा जीसी कंझर्व्हेटिव्ह आहे, थ्रेडचा स्टॅक खालून वर वाचत जातो आणि ऑब्जेक्टचा पत्ता वाटेल असं जे दिसेल ते जिवंत धरतो. लिनक्सवर पीथ्रेड_गेटअॅट्र_एनपी मधून स्टॅकचा सर्वांत खालचा पत्ता मिळतो, त्यात आकार मिळवला की वरचं टोक. मॅकवरचं पीथ्रेड_गेट_स्टॅकअॅडर_एनपी मात्र वरचंच टोक देतं. मी लिनक्सची फाइल समोर ठेवून मॅकची लिहिली, त्यातही आकार मिळवला, आणि पहिल्याच कलेक्शनला जीसी स्टॅकच्या पलीकडे वाचायला गेला. दुपारभरात सापडलं, कारण दर वेळी पडत होतं. फ्रीबीएसडीवर पीथ्रेड_अॅट्र_गेट_एनपी आहे आणि त्याआधी अॅट्रिब्यूट इनिट करावं लागतं. विंडोज ८ पासून गेटकरंटथ्रेडस्टॅकलिमिट्स दोन्ही टोकं सरळ देतं. प्रत्येक पोर्टमध्ये थ्रेड सुरू होताच एक तपासणी टाका: एका स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता दोन्ही टोकांच्या मधेच आहे ना? आमच्या डीबग बिल्डमध्ये ही ओळ आता कायमची आहे.

सगळ्या थ्रेडना थांबवणं हा यातला सर्वांत अवघड भाग, आणि इथे माझं मत ठाम आहे: ओएसला थांबवायला सांगू नका, थ्रेडना स्वतःहून थांबायला लावा.

ओएसकडे वाटा आहेत, नाही असं नाही. लिनक्सवर सिग्नल पाठवून थांबवता येतं. बोएम जीसी तसं करतो, गोनेही १.१४ पासून गोरूटीन अडवायला सिग्नल घेतला. मॅकवर माखचं थ्रेड_सस्पेंड आहे, विंडोजवर सस्पेंडथ्रेड. पण विंडोजवर तुम्ही थांबवलेला थ्रेड त्या क्षणी हीपचं कुलूप धरून बसलेला असू शकतो. मग तुम्ही मॅलॉक केलं की दोघेही कायमचे अडकले. शिवाय सस्पेंडथ्रेड परत आलं म्हणजे थ्रेड थांबलाच असं नाही, गेटथ्रेडकाँटेक्स्ट करून खात्री करावी लागते. सिग्नलची वेगळी तऱ्हा: ते आले की रीडसारखी कॉल मधेच इइंटर ही 'अडथळा आला' अशी चूक घेऊन परतू शकतात, आणि तुमच्या ग्राहकाने जोडलेली लायब्ररी ते हाताळतेच असं नाही. तीन ओएसवर तीन तऱ्हांचे धोके सांभाळायचे, म्हणजे जीसीचा प्रत्येक बग तीनदा शोधायचा.

त्यापेक्षा एक अॅटॉमिक फ्लॅग ठेवा. इंटरप्रिटरने तो लूपमध्ये मागे उडी घेताना आणि फंक्शनमध्ये शिरताना पाहावा. फ्लॅग वर असेल तर थ्रेडने आपले रजिस्टर स्टॅकवर उतरवावेत, आपल्या स्टॅकचं सध्याचं टोक नोंदवावं आणि कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे कोणी उठवेपर्यंत झोपायच्या जागेवर, थांबावं. सॉकेट किंवा सिरियल पोर्टवर अडकलेल्या थ्रेडचं काय? त्याने अडकण्याआधी 'मी बाहेर आहे' अशी नोंद करून आणि टोक सांगून जायचं, आणि परत येताना फ्लॅग पाहिल्याशिवाय व्हीएमच्या एकाही ऑब्जेक्टला हात लावायचा नाही. जीसीने बाहेरच्या थ्रेडना थांबलेलंच धरावं. हे सगळं शुद्ध सी११ अॅटॉमिक आणि तुमच्या ११ फंक्शनांत बसतं, ओएसचा संबंधच येत नाही. आमच्या इंटरप्रिटरचा वेग यामुळे किंचित उतरला. मी ती किंमत आनंदाने मोजली.

वाट पाहण्याच्या फंक्शनकडे घड्याळाच्या नजरेने पाहा. पीथ्रेड_कंड_टाइम्डवेट डीफॉल्टने भिंतीवरच्या घड्याळावर चालतं, म्हणजे कोणी सिस्टिमची वेळ तासभर मागे केली की तुमचा थ्रेड तासभर जास्त झोपतो. लिनक्सवर पीथ्रेड_कंडअॅट्र_सेटक्लॉकने कधीच मागे न जाणारं मोनोटॉनिक घड्याळ लावा. मॅकवर ते फंक्शन नाही, तिथे सापेक्ष वेळ घेणारं पीथ्रेड_कंड_टाइम्डवेट_रिलेटिव्ह_एनपी वापरा. विंडोजवर कंडिशन व्हेरिएबल व्हिस्टापासून आहेत आणि वेळ मिलिसेकंदांत, ३२ बिटांत घेतात. त्यातला सर्वांत मोठा आकडा म्हणजे 'अनंत', म्हणून साधारण ४९ दिवसांपलीकडची मुदत तुकड्यांत पाडा. माझ्या हेडरमध्ये फंक्शन नेहमी सापेक्ष नॅनोसेकंद घेतं, रूपांतर आतल्या फाइलने करायचं. विंडोजवर १ मिलिसेकंद झोपायला सांगितलेला थ्रेड १५-१६ मिलिसेकंदांनी उठला तर घाबरू नका, टायमरचा डीफॉल्ट ठोकाच तेवढा आहे. तुमच्या चाचण्या मात्र त्याप्रमाणे सैल करा. आणि उठल्यावर अट पुन्हा तपासा, 'इफ'ने नव्हे, 'व्हाइल'ने. विनाकारण उठणं सगळ्याच ओएसवर होतं.

सेमाफोर (मोजणी ठेवणारं कुलूप) वापरत असाल तर मॅकवर निनावी सेमाफोर चालत नाहीत. सेम_इनिट कंपाइल होतं आणि चालवताना नाही म्हणतं. म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबलवर स्वतःचा वीस ओळींचा बनवा.

थ्रेडची नावं ही किरकोळ गोष्ट, पण आपल्याकडे ती नडते म्हणून सांगते. आमचे ऑपरेटर यंत्रांना मराठीत नावं देतात आणि तीच आम्ही थ्रेडला देतो, म्हणजे डीबगरमध्ये कुठलं यंत्र अडलंय ते लगेच कळतं. लिनक्सवर नावाला १५ बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'लेथ ३' १३ बाइटांत बसतं. 'कॉम्प्रेसर' ३० बाइट होतो, आणि पीथ्रेड_सेटनेम_एनपी तो कापत नाही, सरळ नाकारतं. कापायचं काम तुमचं, तेही अक्षराच्या मधून नव्हे. मॅकवर हेच फंक्शन फक्त स्वतःच्या थ्रेडला नाव देऊ शकतं, म्हणून नाव देणं नव्या थ्रेडच्या आतूनच करा.

आता ज्याने माझे पाच आठवडे घेतले ते. एम१ वर आमची व्हीएम सहा-सात तासांत एकदा पडायची. 'ताई, लिनक्सवर तर वर्षानुवर्षं चालतंय,' हे मी तेव्हा रोज ऐकत होते. प्रत्येक वेळी मेथड शोधण्याच्या कॅशमध्ये, शून्य पत्त्यावर उडी. कोअर डंप उघडावा तर कॅशचा खण व्यवस्थित भरलेला: क्लास बरोबर, मेथडचा पॉइंटर बरोबर. एलएलडीबी डीबगरमध्ये रजिस्टर पाहिले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एक्स८ मध्ये शून्य होतं. म्हणजे थ्रेडने वाचलं तेव्हा पॉइंटर शून्य होता आणि मी पाहीपर्यंत तो भरला होता.

आमचा कोड आधी मेथड लिहायचा, मग क्लास, आणि वाचणारा आधी क्लास पाहायचा, मग मेथड. इंटेलवर एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते इतरांना दिसतं. आर्मवर, म्हणजे एम१ वरही, तसं बंधन नाही, क्लास आधी दिसू शकतो. तो खण 'व्होलाटाइल' होता, आणि मूळ लिहिणाऱ्याला ते पुरेसं वाटलं असणार. सीमध्ये व्होलाटाइलने दोन थ्रेडमधला क्रम ठरत नाही. दुरुस्ती दोन ओळींची: क्लास लिहिताना रिलीज, वाचताना अक्वायर, म्हणजे आधी लिहिलेलं आधीच दिसेल अशी सक्ती. सोबत नियम केला की खण एकदाच भरायचा, आणि रिकामा करायचा तो सगळे थ्रेड थांबलेले असतानाच.

पोर्ट संपल्यावर मी तोच जुना कोड लिनक्सवर, इंटेलवरच, थ्रेडसॅनिटायझर हे थ्रेडमधल्या अशा चुका पकडणारं अवजार लावून चालवला. पहिल्या दहा मिनिटांत त्याने नेमकी ती ओळ दाखवली. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी जुन्या ओएसवर थ्रेडसॅनिटायझर लावून सगळ्या चाचण्या स्वच्छ करा, मग ती ११ फंक्शनं वेगळी काढून जुन्याच ओएसवर पुन्हा चालवा, आणि त्यानंतरच नव्या ओएसची फाइल उघडा. विंडोजवर हे अवजार मिळत नाही, तेव्हा जे पकडायचं ते लिनक्सवर पकडून घ्या. तुमच्या व्हीएममध्ये जेआयटी (चालता चालता मशीन कोड बनवणारा कंपाइलर) असेल तर अॅपल सिलिकॉनसाठी आणखी एक लक्षात ठेवा: पीथ्रेड_जिट_राइट_प्रोटेक्ट_एनपी ची परवानगी थ्रेडपुरती असते. एका थ्रेडने लिहिण्यासाठी उघडलेलं दुसऱ्याला उघडं नसतं.

विंडोजवर थ्रेड सुरू करायला क्रिएटथ्रेडपेक्षा _बिगिनथ्रेडएक्स घ्या, म्हणजे सी रनटाइमची त्या थ्रेडची मांडामांड नीट होते. ते चुकलं तर शून्य देतं. नावात एक्स नसलेलं जुनं भावंड उणे एक देतं. दोन्हींच्या तपासण्यांची सरमिसळ करू नका.

राहिलं बंद करणं. आम्ही ते शेवटी लिहिलं, पण हेडर आखतानाच त्याची जागा ठेवायला हवी होती. मेनमधून परतताना बाकीचे थ्रेड अजून चालू असतील तर लिनक्सवर ते तुमचे ग्लोबल ऑब्जेक्ट मोडले जात असतानाही पळत राहतात. विंडोजवर एक्झिटप्रोसेस आधी बाकीच्या थ्रेडना आहेत तिथे मारतं आणि मग डीएलएलना (जोडलेल्या लायब्रऱ्यांना) निरोप देतं. मेलेल्या थ्रेडने धरलेलं कुलूप तसंच राहतं, म्हणून डीएलएलमेनमध्ये त्या वेळी एकही कुलूप मागू नका. आमचा क्रम आता असा आहे: नवे थ्रेड घेणं बंद, सर्वांना 'संपवा' असा फ्लॅग, सॉकेट शटडाउन करून अडकलेल्यांना जागं करणं, दोन सेकंद वाट पाहणं, आणि तरीही जो आला नाही त्याचं नाव लॉगमध्ये लिहून, काहीही मोकळं न करता प्रोसेस संपवणं. मागच्या महिन्यात चाकणच्या पॅनेल पीसीवर त्या लॉगमध्ये 'लेथ ३' असं आलं. सिरियल पोर्टवर मुदत न घालता वाचणारी एक जागा माझ्या मोजणीतून सुटली होती.